आकडा जाहीर, गिऱ्हाईक गुप्त

"अहो, सुरी विकणारा काय प्रत्येक गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात डोकावून बघतो का?"

पुण्यात एका व्याख्यानानंतर चहा घेताना हा प्रश्न मला विचारला गेला. बोलणं भारताच्या शस्त्रनिर्यातीबद्दल चाललं होतं. आपण विकलेली शस्त्रं शेवटी कुणाच्या हातात पडतात याचा हिशेब सरकारने संसदेला दिला पाहिजे, एवढंच मी म्हटलं होतं. विचारणारे गृहस्थ सज्जन होते, आयुष्यभर कारखान्यात जबाबदारीचं काम केलेले. त्यांच्यावर मी रागावलो नाही. राग आला तो भोवतीच्या आठ-दहा जणांनी लगेच डोलावलेल्या मानांचा. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल एका सुरीच्या उदाहरणावर लागतो आणि कुणालाच काही खटकत नाही, हे मला सहन झालं नाही.

हे मत आता घरोघरी ऐकू येतं, म्हणून ते आधी पुरतं मांडतो. २०१३-१४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट आहे. वर्षानुवर्षं परक्यांच्या दारात शस्त्रांसाठी उभा राहिलेला देश आज ऐंशीच्या आसपास देशांना माल पाठवतो. परवान्याशिवाय काही बाहेर जात नाही. घेणाऱ्याकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र घेतलेलं असतं. गिऱ्हाइकांची नावं सांगणं देशहिताचं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही यात हात घातला नाही. हाताला काम मिळतं, परकीय चलन मिळतं. आणि आपण नाही विकलं तर दुसरा कुणीतरी विकणारच आहे. मग हा कीस कशासाठी पाडायचा?

यातले आकडे खरे आहेत आणि त्यांचा अभिमान वाटणंही मला कळतं. पुढचा एकही युक्तिवाद मात्र तपासणीला टिकत नाही.

सुरीपासूनच सुरुवात करू. आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्यात एका शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखायला बारा बोअरची बंदूक हवी असेल तर काय करावं लागतं? अर्ज, पोलिसांची चौकशी, चारित्र्याचा अहवाल, मग परवाना. वर्षाला किती काडतुसं घ्यायची, हेही त्या परवान्यावर लिहिलेलं असतं. दुकानदार प्रत्येक विक्रीची नोंद वहीत करतो आणि ती वही तपासली जाते. निवडणूक लागली की परवान्याची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. म्हणजे बंदूक विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायचं असतं, हे आपल्या कायद्याने कधीच ठरवून टाकलं आहे. एका नळीच्या बंदुकीला एवढी चौकशी लागते, तर १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांच्या खेपेला ती नको, असं कोणत्या तर्काने म्हणायचं?

"चौकशी होते की! प्रमाणपत्र असतं," हे दुसरं उत्तर. ते प्रमाणपत्र म्हणजे काय, ते नीट पाहा. घेणाऱ्याच्या लेटरहेडवरचा एक कागद. त्यावर मालाचं नाव, नग, कराराचा क्रमांक. खाली हमी दिलेली असते, की हा माल आम्हीच वापरू, तुमच्या लेखी संमतीशिवाय तिसऱ्याला देणार नाही. मग सही, शिक्का, तारीख. हा कागद फाइलला लागतो, माल बंदरावर जातो, जहाज सुटतं. हमी देणारा तोच, ती पाळणारा तोच, आणि पाळली की नाही हे सांगणाराही तोच.

अशा कागदाची किंमत किती असते, हे कळायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात एका अँटोनोव्ह विमानातून एके-४७ रायफली आणि दारूगोळ्याचे खोके खाली टाकण्यात आले. सकाळी गावकऱ्यांना शेतात, पायवाटांवर शस्त्रं सापडली. तो माल बल्गेरियात विकत घेतलेला होता आणि विकणाऱ्याला अंतिम वापराचं प्रमाणपत्र दाखवलेलं होतं, बांगलादेशच्या नावाचं. थोड्याच दिवसांत तेच विमान पुन्हा भारताच्या आकाशात आलं तेव्हा त्याला मुंबईत उतरायला लावलं. विमानातले लोक पकडले गेले, पण या कटातला मुख्य माणूस किम डेव्ही विमानतळावरूनच निसटला. सही होती, शिक्का होता, आणि शस्त्रं पडली ती भारतातल्या खेड्यांवर. विकणाऱ्या देशाने फक्त कागद पाहिला, माणूस पाहिला नाही, याची झळ आपण सोसलेली आहे. आज आपण विकणारे झालो, तर त्याच कागदावर विसंबून राहायचं?

बोफोर्स म्हटलं की आपल्याला तोफांच्या सौद्यातली दलालीच आठवते. पण त्याच सुमारास स्वीडनमध्ये ही कंपनी आणखी एका प्रकरणात अडकली होती. तिची विमानवेधी क्षेपणास्त्रं कागदावर सिंगापूरला गेली होती, प्रत्यक्षात पोचली दुबई आणि बहारीनला, जिथे विकायला स्वीडनची परवानगी नव्हती. चौकशी चालू असतानाच, जानेवारी १९८७ मध्ये, स्वीडनचे युद्धसामग्री निरीक्षक कार्ल-फ्रेडरिक अल्गेर्नोन स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेखाली सापडून मेले. शस्त्रांवर देखरेख ठेवणारं स्वतंत्र कार्यालय असलेल्या देशातही प्रमाणपत्राच्या आडून हे घडू शकलं.

आणि आता आपल्या मालाची गोष्ट. इस्लामिक स्टेटने इराक आणि सीरियात पेरलेले गावठी बॉम्ब आणि सुरुंग कशाचे बनले होते, याचा माग 'कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च' या संस्थेने घेतला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचा अहवाल आला. वीस देशांतल्या एक्कावन्न कंपन्यांचं साहित्य त्यात सापडलं होतं आणि त्यांतल्या सात कंपन्या भारतातल्या होत्या. डिटोनेटर, स्फोटक दोर, वात हा त्यांचा माल. खाणीत दगड फोडायला जे वापरतात तेच. हा माल भारतातून चोरून गेला नव्हता. रीतसर परवान्याने तो लेबनॉन आणि तुर्कस्तानातल्या व्यापाऱ्यांकडे गेला होता आणि पुढे वाहत गेला. परवाना बरोबर, कागद बरोबर, कंपनीने कायदा मोडलेला नाही, आणि तरीही ती वात एखाद्या इराकी गावातल्या बॉम्बला लागली. यात दोष कुणाचा? कागद गोळा केले की देखरेख झाली असं मानणाऱ्या व्यवस्थेचा.

मग आपल्याकडे देखरेख करतं कोण? युद्धसामग्रीच्या निर्यातीचा परवाना देतो संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग. निर्यात वाढवण्याची जबाबदारीही त्याच विभागाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ज्या सात सरकारी कंपन्या काढल्या, त्या याच विभागाच्या छत्राखाली आहेत. त्यांतल्या दोन आपल्या अंगणात आहेत. दारूगोळा बनवणारी म्युनिशन्स इंडिया पुण्याची आणि तोफांचे भाग, गोळ्यांची कवचं बनवणारी यंत्र इंडिया नागपूरची. माल बनवणाऱ्या कंपन्यांचा मालक, त्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देणारा आणि ते गिऱ्हाईक योग्य आहे की नाही हे ठरवणारा, तिन्ही एकाच छपराखाली. काही प्रकरणांत परराष्ट्र मंत्रालयाचं मत घेतात, हे मला माहीत आहे. पण मत घेणं वेगळं आणि नाही म्हणण्याचा अधिकार स्वतंत्र माणसाच्या हाती असणं वेगळं. परीक्षार्थ्यानेच पेपर तपासावा आणि वर निकाल किती टक्के लागला यावर त्याची बढती ठरावी, असं कोणत्या शाळेत चालतं?

हे टक्केही सरकार अभिमानाने सांगतं. २०२३-२४ मध्ये १,५०७ परवाने दिले, २०२४-२५ मध्ये १,७६२. म्हणजे जवळजवळ सतरा टक्के वाढ, आणि ती यशाच्या यादीत नोंदवलेली. सुट्ट्या वगळल्या तर दिवसाला सात परवाने झाले. किती अर्ज नाकारले, हे त्या पत्रकात नाही. विकलेला माल जागेवर आहे का, हे पाहायला आपला अधिकारी कितीदा गेला, हेही नाही. अशा पडताळणीची मुभा नियमांत आहे. ती वापरली जाते का, याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे येत नाही. परवाना देताना काय पाहायचं, याचीही यादी नियमांत आहे. गिऱ्हाइकाची पत, माल दहशतवाद्यांच्या हाती जाण्याचा धोका, भारताचं परराष्ट्र धोरण. ही शस्त्रं घेणाऱ्याच्याच देशातल्या निःशस्त्र माणसांवर वापरली जातील का, हा प्रश्न त्या यादीत शब्दाने विचारलेला नाही. फाटकात एवढी मोठी फट असेल तर त्याला पहारा कसं म्हणायचं?

आता गुप्ततेकडे येऊ. कोणत्या देशाला किती माल दिला असं खासदाराने विचारलं की सामरिक कारणांमुळे नावं सांगता येत नाहीत, असं उत्तर येतं. ज्या देशांना कौतुकाने सांगायचं असतं त्यांची नावं मात्र सांगितली जातात. फिलिपाइन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्रं दिली तेव्हा देशभर बातम्या आणि छायाचित्रं झळकली. म्हणजे नाव सांगितल्याने देश बुडत नाही. ब्रिटन, जर्मनी, स्वीडन हे देश कुणाला कोणत्या प्रकारच्या मालाचे परवाने दिले याची माहिती दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यांची शस्त्रविक्री त्यामुळे बंद पडली आहे का?

गुप्ततेने नुकसान होतं ते आपलंच. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली. भारतीय कारखान्यांनी युरोपीय गिऱ्हाइकांना विकलेले तोफगोळे पुढे युक्रेनकडे गेले, रशियाने त्यावर तक्रार केली, तरी दिल्लीने ते थांबवलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. परराष्ट्र मंत्रालयाने ही बातमी तर्काधारित आणि दिशाभूल करणारी ठरवली आणि भारताचं वर्तन निष्कलंक असल्याचं सांगितलं. माझं म्हणणं असं, की सरकार खरं बोलत असेल तर ते सिद्ध करायला त्याच्याजवळ लोकांपुढे ठेवण्यासारखं काय होतं? गिऱ्हाइकांची यादी जाहीर नाही, पडताळणीचा अहवाल नाही, संसदेच्या समितीची नोंद नाही. सगळं झाकून ठेवलं की आपला प्रामाणिकपणाही झाकला जातो. त्याच युद्धात स्वित्झर्लंडने काय केलं ते पाहा. जर्मनीने स्विस बनावटीची ३५ मिलिमीटरची काडतुसं युक्रेनला द्यायची परवानगी मागितली आणि २०२२ मध्ये स्वित्झर्लंडने ती नाकारली. तो निर्णय योग्य होता की नाही यावर वाद घाला. पण एवढासा देश जर्मनीसारख्या गिऱ्हाइकाला "हमी दिलीत, आता पाळा" असं सांगू शकला. कारण विकलेल्या मालावरचा हक्क त्याने कागदात लिहून सोडून दिला नाही, तो वापरला. सार्वभौम देश असा वागतो.

"आपण नाही तर दुसरा विकेल." हे वाक्य ऐकलं की मला वाटतं, नीतीच्या प्रश्नाला पाठ दाखवायची यापेक्षा सोपी वाट नसेल. दुसरा लाच घेईल म्हणून मी घ्यावी का? दुसरा भेसळ करेल म्हणून मी करावी का? आणि नीती क्षणभर बाजूला ठेवली तरी हिशेब चुकतोच. म्यानमारच्या लष्कराने फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडून आलेलं सरकार उलथवलं. तेव्हापासून त्या लष्कराला कोणत्या देशातून शस्त्रं आणि शस्त्रांचा कच्चा माल गेला, याचा अहवाल संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये दिला. रशिया आणि चीनचे आकडे कितीतरी मोठे होते. पण भारतातून गेलेल्या मालाचा आकडाही त्यात होता, ५ कोटी १० लाख डॉलरचा, आणि पुरवणाऱ्यांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या. त्या लष्कराच्या बॉम्बहल्ल्यांतून पळालेली चिन प्रांतातली हजारो कुटुंबं कुठे आली? मिझोराममध्ये. आपल्याच देशात, आपल्याच लोकांच्या अंगणात. मिझो माणसांनी त्यांना घरात घेतलं, जेवू घातलं. एका हाताने लष्कराला माल द्यायचा आणि त्याच्या माराने पळालेल्यांना दुसऱ्या हाताने भाकरी वाढायची, हे कुठलं देशहित? चीन जास्त विकतो म्हणून आपली विक्री लहान ठरते, निर्दोष ठरत नाही.

रोजगाराचा मुद्दा मी हलका मानत नाही. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे काम केलेली घरं आहेत. देहूरोड, वरणगाव, अंबाझरी, चांदा, भंडारा इथल्या वसाहती या कारखान्यांवरच उभ्या आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. दारूगोळा म्हणजे काय हे त्या घरांना जेवढं कळतं तेवढं दिल्लीतल्या कुठल्याही टेबलाला कळत नाही. त्या कामगारांच्या नावाने देखरेख सैल ठेवायची, हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. जीव धोक्यात घालून घडवलेला गोळा देशाच्या सीमेवर किंवा मित्रदेशाच्या रक्षणाला गेला, की कुणा हुकूमशहाच्या तोफेत, हे कळण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे. शिवाय माल वाईट हातात सापडला की बंदी कारखान्यावर येते आणि काम जातं ते कामगाराचं. कडक देखरेख रोजगार राखते.

राहिला न्यायालयाचा दाखला. ९ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवण्याची याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, न्यायालयाने त्यात शिरू नये, असं त्या निकालाचं सूत्र होतं. लोक त्याचा अर्थ लावतात, की न्यायालयाने निर्यातीवर शिक्कामोर्तब केलं. न्यायालयाने "हे आमचं काम नाही" असं सांगितलं. "हे काम नीट चाललं आहे" असं कुठेही सांगितलेलं नाही. मग काम कुणाचं? संसदेचं. पण प्रत्येक परवान्याची छाननी करणारी संसदेची समिती नाही आणि निर्यात कधी नाकारलीच पाहिजे हे सांगणारा कायदा नाही. न्यायालयाने दार लावलं तेव्हा संसदेचं दार आधीच बंद होतं. नागरिकाने दाद मागायची कुठे?

शेवटी येतो तो ठेवणीतला टोला. "पाश्चात्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये." त्यांचा दुटप्पीपणा मला मान्य आहे. पण त्यांच्या पापांतून त्यांचेच नागरिक काय शिकले, तेही पाहा. ब्रिटनमधून इराकला शस्त्रं बनवायची यंत्रं गेली, नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यावरचा खटला कोसळला, मंत्र्यांना सगळं ठाऊक होतं हे बाहेर आलं, चौकशी झाली आणि २००२ मध्ये नवा कायदा आला. निकष लिहून ठेवलेले होते म्हणूनच जून २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाला सौदी अरेबियाच्या परवान्यांबाबत सरकारची पद्धत बेकायदा ठरवता आली. आणि आपली सबब? २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करारावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्या करारात विकणाऱ्यांचं पारडं जड आहे, असा आपला आक्षेप होता. तेव्हा आपण घेणारे होतो, म्हणून तो आक्षेप समजण्यासारखा होता. आज विकणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं आणि घेणाऱ्याची तक्रार पुढे करून विकणाऱ्याचं कर्तव्य टाळायचं, हे चालणार नाही. करारावर सही करा किंवा करू नका, घरचा कायदा करायला कुणी अडवलं आहे?

मागणी साधी आहे. परवाना देणारं कार्यालय विकणाऱ्या विभागापासून वेगळं काढा. कोणत्या देशाला, कोणत्या प्रकारचा, किती रुपयांचा माल दिला आणि किती अर्ज नाकारले, हे दरवर्षी संसदेपुढे ठेवा. विकलेला माल जागेवर आहे का, हे जाऊन पाहा आणि पाहिलेलं लिहा. निःशस्त्र माणसांवर वापर होण्याचा धोका दिसला तर परवाना नाकारणं कायद्याने बंधनकारक करा. यातल्या कशानेही एकही कारखाना बंद पडत नाही.

तोफगोळा जवळून पाहिला तर त्याच्या अंगावर रंगाने छापलेली अक्षरं दिसतात. व्यास, आतलं स्फोटक, भरल्याचं साल, कारखान्याची खूण, लॉट नंबर. रणांगणात पडलेल्या तुकड्यावरची ही अक्षरं वाचूनच तपास करणारी माणसं आपल्या दारापर्यंत येतात, जशी ती डिटोनेटरवरून आली. गोळा कुठे जन्मला हे तो आयुष्यभर अंगावर वागवतो, आपण त्याला विसरलो तरी तो आपलं नाव विसरत नाही. चहाच्या वेळच्या त्या गृहस्थांना माझं उत्तर हेच आहे. सुरीवर विकणाऱ्याचं नाव नसतं. तोफगोळ्यावर खडकीचं, नागपूरचं, भंडाऱ्याचं आणि भारताचं असतं. ज्या मालावर देशाचं नाव आहे तो कुणाच्या हातात गेला, हे विचारणं देशाचंच काम आहे आणि त्याचं उत्तर देणं सरकारचं. ते उत्तर मिळेपर्यंत २३,६२२ कोटींचा आकडा हा अर्धा हिशेब आहे, आणि अर्ध्या हिशेबावर मी मान डोलावणार नाही.